एक पावसाळा काढलेला गुलाब

मृगाच्या तोंडावर कोकणातल्या बाजारपेठांत रोपांच्या गाड्या उतरू लागतात. सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, वर पेण-अलिबागपर्यंत रस्त्याच्या कडेला आंब्या-काजूची कलमं, नारळाची रोपं आणि त्यांच्याच शेजारी भरभरून फुललेले गुलाब मांडलेले दिसतात. आंब्याच्या कलमाला हा मुहूर्त बरोबर आहे. गुलाबाला याहून वाईट मुहूर्त वर्षभरात दुसरा नाही. गिऱ्हाईक कलमं घ्यायला आलेलं असतं, जाताना दोन गुलाब उचलतं, आणि दिवाळीपर्यंत त्या जागी काळी पडलेली काडी उरते. मग निकाल दिला जातो: कोकणात गुलाब होत नाही.

हा निकाल मला मान्य नाही. न्हाणीच्या पाण्यावर, परसातल्या विहिरीच्या कडेला वर्षानुवर्षं फुलणारा गावठी गुलाबी गुलाब कोकणात घरोघर आहे. टिकत नाही तो घाटावरून येणारा गुलाब, आणि त्याच्या न टिकण्याचं कारण व्यापाराच्या रचनेत आहे. या व्यापारात पावसाळ्याची सगळी जोखीम गिऱ्हाइकाच्या माथी मारलेली आहे. रोप विकलं गेलं की रोपवाल्याचा, गाडीवाल्याचा आणि दुकानदाराचा हिशोब पुरा होतो. पाऊस त्यानंतर सुरू होतो. ही जोखीम रोप तयार करणाऱ्याकडे परत गेली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतील: गुलाबाच्या रोपावर खरी माहिती देणारं सक्तीचं लेबल, आणि कोकणातच डोळा भरून, म्हणजे एका गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीची कळी बसवून, कोकणातला एक पावसाळा काढून मग विक्रीला येणारं रोप.

आधी रोप येतं कुठून ते पाहू. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचन हा रोपवाटिकांचा मोठा पट्टा आहे. त्याहून लांबून, आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून आणि पश्चिम बंगालमधूनही माल येतो. लांबचा माल बहुधा पुण्याच्या पट्ट्यात उतरतो, पिशव्या बदलतो आणि कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाटाने खाली येतो. गाडीत रोपं थरांवर थर रचलेली असतात. वरून ताडपत्री. अंधार, उष्मा आणि कोंडलेली हवा यांत गुलाबाची पानं इथिलीन सोडतात आणि गळू लागतात. उतरवल्यावर चार-आठ दिवसांत खालची पानं पिवळी पडून झडतात ती त्यामुळे. दुकानदार पाणी वाढवतो. पानं नसलेलं झाड ते पाणी ओढू शकत नाही, आणि मूळ कुजायची सुरुवात तिथूनच होते.

दुकानात रोपं हिरव्या जाळीखाली असतात, कारण तशी ती ताजी दिसतात. गुलाबाला दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. जाळीखाली पंधरा दिवस काढलेल्या रोपाची नवी फूट लांबट, मऊ आणि फिकी येते. त्या फुटीवर जूनचा पहिला पाऊस पडतो.

पण सगळ्यात मोठी गडबड पिशवीच्या आत असते. शेतात वाढवलेलं रोप उपटून त्याच्या मुळांभोवती चिकणमातीचा गोळा वळतात, म्हणजे प्रवासात मूळ सुकत नाही. वाहतुकीपुरती ही युक्ती उत्तम आहे. मग तो गोळा तसाच पिशवीत बसवून बाजूला थोडी माती-शेणखत भरतात. पुण्याच्या पूर्वेकडे पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, तिथे हा गोळा हळूहळू मोकळा होतो. कोकण किनाऱ्यावर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. आपली जांभ्याची माती पाणी पटकन सोडते, चिकणमाती सोडत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी भोवतीच्या भरड मातीत सहज उतरत नाही, ते गोळ्यातच अडकून राहतं. बाहेरची माती भुसभुशीत, आत मात्र लोण्यासारखा चिखल. मुळांना हवा मिळत नाही, ती तपकिरी होऊन सालीसकट सुटतात. ऑगस्टात असं मेलेलं रोप उपटून पाहिलं तर गोळा जसाच्या तसा हातात येतो आणि त्याच्या बाहेर एकही पांढरं मूळ गेलेलं नसतं.

लावण्यापूर्वी पिशवी फाडून गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवावा, बोटांनी चिकणमाती धुऊन काढावी आणि मग रोप उंच वाफ्यात किंवा बारा इंची कुंडीत जांभ्याची माती, कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा यांच्या मिश्रणात लावावं. पाऊस उघडल्यावरच हे करावं. धुतलेली मुळं भर पावसात बसत नाहीत. इतकं सांगायला दुकानात कोणी नसतं. सांगितलं तर गिऱ्हाईक विचारील, ‘मग आत्ता का विकता?’

आता खुंटाकडे येऊ, कारण लेबलाचा मुद्दा इथेच आहे. विकला जाणारा बहुतेक मोठ्या फुलाचा गुलाब डोळा भरलेला असतो: खाली रानटी किंवा अर्धरानटी गुलाबाचा खुंट, वर हव्या त्या जातीचा डोळा. देशात रोझा इंडिका ओडोराटा, रोझा मल्टिफ्लोरा, उत्तरेकडे एडवर्ड, तर पॉलिहाऊसमधल्या लागवडीला नाताळ ब्रायर असे खुंट वापरतात. यांचे स्वभाव वेगळे आहेत. इंडिका वर्गातले खुंट उष्ण, चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनी सोसतात. देशावरच्या काळ्या जमिनीला ते योग्यच. मल्टिफ्लोरा आम्लधर्मी जमिनीत चांगला चालतो आणि चुनखडीत पिवळा पडतो. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, तीही जोरदार पावसाने क्षार धुऊन नेलेली. म्हणजे इथे मल्टिफ्लोराला पहिली संधी मिळायला हवी. प्रत्यक्षात गाडी ज्या मुलखातून आली असेल त्यावर खुंट ठरतो, आणि दुकानात विचारलं तर तो कुठला हे सांगता येत नाही. आंब्याच्या बाबतीत हे खपलं असतं का?

जातीचंही तेच. बाजारात गुलाबाला नावं कोणती? डच, हायब्रीड, कलकत्ता, काश्मिरी, बटण, देशी. ‘डच’ म्हणजे बहुधा ताजमहाल किंवा टॉप सीक्रेटसारखी पॉलिहाऊसमध्ये लांब दांड्याच्या फुलासाठी वाढवायची जात. पावसापासून झाकलेल्या छपराखाली, ठिबकवर, दर आठवड्याला औषधं मिळणारी ही झाडं अंगणातल्या धारेखाली उभी करणं हा त्या झाडावर अन्याय आहे. तिची पाकळ्यांनी गच्च भरलेली कळी पावसात उमलतच नाही, बाहेरच्या पाकळ्या चिकटून ती झाडावरच कुजते. उलट बटण गुलाब, लहान फुलांचे झुपकेवाले पॉलिअँथा, जुने चायना गुलाब यांची फुलं पाच-सात दिवसांत उमलून गळतात, पण झाड दम धरतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. बी. पी. पाल यांच्यापासून गुलाबाच्या संकराची मोठी परंपरा आहे. मोहिनी, रक्तगंधा, हिमांगिनी, पुसा अरुण, पुसा शताब्दी ही तिथली नावं. यातली कोणती जात कोकणात टिकते हे लोकांना कळायचं तर आधी रोपावर नाव हवं. नावच नसेल तर अनुभव साठत नाही, दरवर्षी कोरी पाटी.

काळ्या ठिपक्यांचा रोग कोकणात अटळ आहे, हेही कबूल करू. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की त्याची बुरशी आत शिरते, आणि आषाढात पान सुकतच नाही. वारंवार पानं झडून झाड थकलं की शेंड्याकडून मर सुरू होते: फुलाच्या दांड्याच्या किंवा छाटणीच्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येते. ती डोळ्याच्या जोडापर्यंत पोचली की जात संपली. त्यानंतर उरलेला खुंट जोमाने फुटतो आणि मालकाला वाटतं झाड वाचलं. दोन वर्षांनी मोठं झुडूप होतं, त्याला फूल येत नाही किंवा बारीकसारीक येतं. सात पत्री पान म्हणजे खुंट, पाच पत्री म्हणजे जात, ही समजूत भरवशाची नाही. अनेक चांगल्या जातींनाही सात पत्री पानं येतात. फूट कुठून निघाली ते पाहावं. जोडाच्या खालून निघालेली असेल तर माती उकरून मुळाशी ओढून काढावी, कात्रीने कापली तर पुन्हा येते. म्हणून जोड मातीच्या चार-पाच सेंटिमीटर वर दिसला पाहिजे. गाडीने आलेल्या रोपांत तो बऱ्याचदा पिशवीच्या मातीत गाडलेला असतो, आणि गिऱ्हाईक ते रोप आणखी दोन इंच खोल लावतं.

आता कायदा. महाराष्ट्रात १९६९ पासून फळरोपवाटिका आणि फळझाडांच्या विक्रीचं नियमन करणारा कायदा आहे. आंब्याचं कलम विकायचं तर परवाना लागतो, खुंट आणि डोळकाडी कुठून आली याची नोंद ठेवावी लागते, कलमावर जातीची माहिती लागते. अंमलबजावणीत कमतरता असतील, पण चौकट आहे. त्याच दुकानात, त्याच फळीवर ठेवलेलं गुलाबाचं रोप या चौकटीच्या बाहेर आहे. १९६६ चा बियाणे कायदाही कामी येत नाही. त्यात कलमं आणि छाटे येतात ते अन्नपिकांचे आणि चाऱ्याचे. २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा नवी जात काढणाऱ्याचं हित पाहतो, घरी रोप नेणाऱ्याचं नाही. राहिला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. पण एका गुलाबासाठी जिल्हा आयोगाची पायरी कोण चढणार, आणि चढलाच तर काय दाखवणार? पावतीवर ‘गुलाब, २ नग’ एवढंच असतं.

शोभेच्या झाडासाठी कायदा म्हणजे फार झालं, असं म्हणणारे आहेत. त्यांनी नारळाकडे पाहावं. रुगोज ही चक्राकार पांढरी माशी भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळांवर पहिल्यांदा नोंदली गेली आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. ही कीड केळी, पेरू आणि कितीतरी शोभेच्या झाडांवरही जगते, आणि लांबच्या पल्ल्यावर ती रोपांच्या वाहतुकीबरोबर जाते. मातीच्या गोळ्यातून सूत्रकृमी आणि हुमणी येतात, फांद्यांवरून खवले कीड येते. आंबा, काजू, नारळ, सुपारी यांवर जगणाऱ्या पट्ट्यात परराज्यातली माती आणि झाडं कसलीही नोंद न होता गाड्या भरभरून उतरतात, हा बागायतदारांचाही प्रश्न आहे.

माझी मागणी परवान्याची नाही. रस्त्याकडेला पन्नास रोपं घेऊन बसलेल्या बाईला परवान्यासाठी कचेरीत फेऱ्या मारायला लावणं अन्याय होईल, आणि त्यातून नवी चिरीमिरी सुरू होईल. मागणी लेबलाची आहे, आणि ते लावण्याची जबाबदारी रोप तयार करणाऱ्यावर असावी. जातीचं नाव, खुंटाचं नाव किंवा ‘स्वतःच्या मुळावर’ असा उल्लेख, डोळा भरल्याचा महिना, तयार केल्याचा जिल्हा, आणि कोकणापुरती आणखी एक ओळ: किनारपट्टीवर किती पावसाळे काढले. शून्य असेल तर शून्य लिहावं. शून्यवालं रोप विकायला बंदी नको. ते स्वस्त मिळेल, आणि घेणारा जाणून घेईल.

लेबलाने किंमत वाढेल, हा आक्षेप टिकत नाही. प्लास्टिकची पट्टी आणि न पुसणारी शाई याला फार पैसे पडत नाहीत. पावसाळा काढलेल्या रोपाची किंमत मात्र वाढेलच, कारण काही रोपं त्या पावसात जातील आणि तो तोटा उरलेल्यांवर बसेल. समजा आज रोप १५० रुपयांना मिळतं आणि तीन वर्षं दर जूनमध्ये नवं घ्यावं लागतं, तर खर्च ४५० झाला, शिवाय माती, खत आणि मेहनत वाया. त्याऐवजी एकदाच २५० दिले तर महाग काय पडलं?

इथे तयार करणार कोण, याचं उत्तर कोकणात शोधायला लांब जावं लागत नाही. कोयकलम, मृदुकाष्ठ कलम करणारे कुशल हात गावोगाव आहेत. कलम बांधण्याचा त्यांचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा. गुलाबाचं वेळापत्रक त्यात अचूक बसतं. जून-जुलैत, हवा दमट असताना, मल्टिफ्लोराचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे छाटे लावायचे. खालचे डोळे खरवडून टाकायचे म्हणजे पुढे खुंटाचे फुटवे कमी येतात. या दिवसांत त्यांना मुळं सहज फुटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी डोळा भरायचा. साल सुटण्यासाठी आदल्या आठवड्यात पाणी भरपूर द्यायचं. फूल नुकतंच गळलेल्या फांदीवरचा, फुगलेला पण न फुटलेला डोळा घ्यायचा. खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद, उभा अडीच सेंटिमीटर, आडवा एक. डोळा आत सरकवून एक सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर बांधायचा, डोळा उघडा ठेवून. पंधरा-वीस दिवसांनी डोळ्याखाली राखलेल्या देठाला बोट लावायचं. देठ अलगद गळून पडला आणि डोळा हिरवा असला तर जीव धरला. देठ सुकून चिकटून बसला असेल तर डोळा गेला, खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरायचा. आंब्याची पाचर बसवणाऱ्याला हे शिकायला फार दिवस लागणार नाहीत. सावधगिरी एकच: चाकू आंब्याच्या चिकाने माखलेला चालत नाही.

मग ही रोपं जूनमध्ये उघड्यावर उंच वाफ्यावर ठेवायची. पावसात जी मरतील ती रोपवाटिकेत मरतील, गिऱ्हाइकाच्या अंगणात नव्हे. सप्टेंबरच्या मध्यावर, पाऊस ओसरताना, उरलेल्यांची छाटणी करून कापलेल्या टोकांना मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावायचं. सुपारीच्या कोळेरोगासाठी मोरचूद-चुना घरात असतोच. छाटणीपासून साधारण ४५ दिवसांनी फूल येतं, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे रोप फुललेलं असेल. फूल दिसल्याशिवाय रोप खपत नाही ही दुकानदाराची अडचण खरी आहे, आणि ती अशी सुटते. पुढचे सात महिने पाऊस नाही, ऊन स्वच्छ. रोपाला मुळं धरायला याहून चांगला काळ नाही. बटण, पॉलिअँथा आणि चायना गुलाबांना तर डोळाही भरायला नको, ते स्वतःच्या छाट्यांवर होतात आणि खुंट फुटण्याची भानगडच राहत नाही.

फुलझाडांचा धंदा कोकणाला नवा नाही. सोनचाफ्याच्या कलमांनी वसईत आणि सिंधुदुर्गात किती घरांना हात दिला हे दादरच्या फुलबाजारात पहाटे गेलं की कळतं. जव्हार-विक्रमगडच्या मोगऱ्याचंही तसंच. 

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून एक अपेक्षा आहे. १९७२ पासून या विद्यापीठाने आंबा-काजूची रोपं कोकणच्या घराघरात पोचवली. तीन-चार खुंट आणि पंधरा-वीस जाती घेऊन दापोली, वेंगुर्ला आणि पालघर इथे उघड्यावर, औषध न फवारता, तीन पावसाळे चाचणी घ्यावी आणि जगलेल्यांची यादी जाहीर करावी. त्यात रोझा क्लायनोफिला जरूर असावा. बंगालच्या सखल भागात नदीकाठच्या पाण्यात उभा राहणारा हा आपला देशी रानगुलाब, कोडाईकनालच्या एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवेच्या गुलाबांसाठी त्याचा संकरात वापर केला आहे. पाण्यात मूळ न कुजणारा गुलाब देशात असताना कोकणाने तो खुंट म्हणून तपासून पाहू नये हे पटत नाही.

लेबलाचा नियम व्हायला वेळ लागेल. तोवर नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि पर्यटनाची कामं करणारी खाती हे उद्यापासून करू शकतात, कारण तेच मोठे खरेदीदार आहेत. उद्यानाच्या निविदेत रोपाची उंची आणि पिशवीचा आकार लिहिलेला असतो, आणि सर्वांत कमी दर देणारा जूनमध्ये फुललेली रोपं आणून बिल काढतो. निविदेत जात आणि खुंट मागावा, जोड मातीच्या वर दिसावा अशी अट घालावी, लागवड १५ ऑक्टोबरनंतर करावी, आणि निम्मं बिल पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जोडाच्या वरून फुटलेली जिवंत झाडं मोजून द्यावं. अलिबाग-मुरूडच्या रिसॉर्टवाल्यांनीही कंत्राटदाराशी हाच करार करावा. पहिल्या वर्षी दर चढे येतील, काही कंत्राटदार पुढे येणार नाहीत. जे येतील ते स्वतःच कुडाळच्या किंवा दापोलीच्या रोपवाल्याकडे जाऊन विचारतील की पावसाळा काढलेली रोपं किती आहेत, आणि नसली तर पुढच्या वर्षासाठी किती डोळे भरून ठेवता.